धर्मराज नावाचा बाण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्या शाळेत हल्ली रंगीत पडद्याचे, गाणी वाजवणारे संगणक आले आहेत असे ऐकतो. मी त्यांतला नव्हे. माझ्या पडद्यावर फक्त हिरवी अक्षरे उमटतात, माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो, आणि माझ्या डोक्यावर कोणी ना कोणी चहाचा कप ठेवतेच. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कार्यालयाच्या कोपऱ्यात मी पडून असतो. वर्षातून एकदाच मला सुरू करतात, तेही खंडेनवमीला. त्या दिवशी सगळ्या वसाहतीत यंत्रांना विश्रांती देतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. मला मात्र नेमके त्याच दिवशी कामाला लावतात. हे असे उलटे का, ते तुम्हाला सांगायचे आहे. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म उल्हासनगरातला. ऐंशीचे दशक सरत आले होते. माझी पत्र्याची पेटी तिथल्याच एका गाळ्यात वाकवलेली, आतले भाग कुठून कुठून समुद्र ओलांडून आलेले, आणि कपाळावर परदेशी वाटेल अशी एक चकचकीत पट्टी. लछमनदास नावाच्या सिंधी व्यापाऱ्याने मला आपल्या हाताने जुळवले. जुळवताना तो माझ्याशी बोलत असे, कधी शिव्याही देई. मला विकत घ्यायला श्रीपाद आला तेव्हा त्याने पेटीवर टिचकी मारून पाहिली, मडके घेताना मारतात तशी.

“शेठ, माल ओरिजिनल आहे ना?” त्याने विचारले.

“अरे साईं, ओरिजिनल से भी अच्छा!” लछमनदास छातीवर हात ठेवून म्हणाला. “ओरिजिनल बिघडला तर अमेरिकेला जाशील काय? हा बिघडला तर मी बसलोय ना इथे, दुकानात. सिर्फ आवाज दे.”

त्याने शब्द पाळला. पुढे एकदा माझ्यातून धूर निघाला तेव्हा तो स्वतः स्कूटरवर बसून अंबरनाथला आला, आणि माझ्या पोटात हात घालून मला पुन्हा माणसांत आणले. आपल्या हातच्या वस्तूची लाज राखणारी अशी माणसे मला पुढे फार भेटली नाहीत.

श्रीपाद चांगल्या नोकरीवर पाणी सोडून आलेला इंजिनियर होता. कारखान्यांतली जुनी पॅनेले काढून त्यांच्या जागी तो नवे डबे बसवी. डब्यात एक प्रोग्रॅम असे. कामगाराने हिरवे बटण दाबले की डबा पुढचे सगळे आपणहून ठरवी: आता झडप उघडायची, आता तापवायचे, आता थांबायचे. सोय मोठी होती. पण त्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तर काय? घरचा कुकर बिघडला तर भात करपतो. इथे ज्या भांड्यांत रंगाची रसायने शिजत ती भांडी माणसापेक्षा उंच होती.

म्हणून डबा पाठवण्याआधी तपासावा लागे, आणि श्रीपादकडची तरुण मुले तो हाताने तपासत. हे बटण दाबायचे, दिवा लागला का पाहायचे. ते दाबायचे, झडप उघडली का पाहायचे. सकाळी उत्साहाने सुरू झालेले काम जेवणानंतर जांभया देत चाले, आणि शेवटी शेवटी तर न दाबलेल्या बटणांपुढेही बरोबरच्या खुणा पडत. मी तेव्हा बिले आणि पत्रे टंकण्याच्या कामावर होतो. मला त्या मुलांचा राग येई. ज्याला कंटाळा येतो त्याला तपासायला बसवायचे आणि ज्याला कंटाळा ठाऊकच नाही त्याच्याकडून बिले काढून घ्यायची, ही कुठली रीत?

मग उमा आली. नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षे होती. उमा बदलापूरला कात्रपमध्ये राहायची. बोलायची कमी, विचारायची फार. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या डोक्यावरचा कप उचलून खिडकीत ठेवला आणि श्रीपादला सांगितले, “सर, तपासायचं काम ह्याला द्या.”

मित्रांनो, तिची युक्ती तुम्हालाही समजेल. समजा, तुम्हाला कात्रपमधल्या प्रत्येक गल्लीतून एकदा तरी चालून यायचे आहे. नुसते भटकलात तर आवडीच्या गल्लीतून पुन्हा पुन्हा जाल, आणि जिथे कुत्रे अंगावर येते ती गल्ली टाळाल. पण हातात नकाशा असेल तर एकही गल्ली सुटणार नाही. उमाने यंत्राचा असा नकाशा काढला. त्यात गोल होते आणि बाण होते. एका गोलात लिहिलेले असे ‘भांडे रिकामे’, दुसऱ्यात ‘भांडे भरते आहे’, तिसऱ्यात ‘माल तापतो आहे’. कोणते बटण दाबले, काय घडले, की यंत्र एका गोलातून दुसऱ्यात जाते, ते बाण सांगत. हा नकाशा तिने माझ्या पोटात घातला आणि एका जाड वायरीने मला डब्याशी जोडले.

त्यानंतर मी चालत सुटलो. एकेक बाण धरायचा, डब्याला तसा इशारा द्यायचा, आणि नकाशा म्हणतो त्याच गोलात डबा पोहोचला का ते पाहायचे. पोहोचला तर ‘बरोबर’. नाही पोहोचला तर ‘चूक’. कोणत्या तपासण्या करायच्या हे कोणी मला लिहून देत नव्हते, मी नकाशावरून त्या स्वतःच शोधून काढी. माणसाच्या डोक्यात येणार नाहीत असल्या आडवाटांनी मी डब्याला फिरवून आणी. मात्र माझी एक मर्यादा होती. जी गल्ली नकाशातच नाही, ती माझ्यासाठी जगात नसे.

याच सुमारास रंगाच्या एका कारखान्याचे मोठे काम श्रीपादला मिळाले. तिथले जुने पॅनेल बदनाम होते. एकदा त्याने ऐन वेळी दगा दिला आणि भांडे उकळून वर आले, तेव्हा बाळाजी नावाच्या कामगाराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बाळाजी आता बेलवलीला घरी बसून डाव्या हाताने जेवत होता. त्याच्या जागी, त्याच भांड्यापाशी, आता त्याचा धाकटा भाऊ धर्मराज उभा राहत होता.

काम कसे चालते ते उमाला समजावून सांगायला कारखान्याचे मॅनेजर हिंदुराव धर्मराजला घेऊन आमच्याकडे आले. धर्मराज उंचापुरा, शांत गडी. घरची थोडी भातशेती आणि वर ही शिफ्टची नोकरी. खुर्ची दिली तरी तो बराच वेळ उभाच होता. डब्याकडे, माझ्याकडे, पुन्हा डब्याकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारलेच.

“बाय, ह्यो डबा तरी आमाला सांभाळल ना?”

“मी त्याला सगळ्या वाटांनी चालवून बघणार आहे, भाऊ,” उमा म्हणाली. “एकसुद्धा वाट सोडणार नाही. फक्त तुम्ही भांड्यापाशी जे जे करता ते मला सांगायचं. अगदी बारीकसारीकसुद्धा.”

“सांगतो की. आमाला काय लपवायचंय? भावाचा हात गेला. माझी दोन लहान पोरं हायेत घरी.”

“तुमच्या जिवाला धोका असेल तर हा डबा भांडं तापवणारच नाही. माझा शब्द आहे.”

हा शब्द तिने माझ्यासमोर दिला. पुढे जे घडले ते सारे या एका शब्दाचे आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि दोघांच्या नाकी नऊ आणले. दोन्ही बटणे एकदम दाबली तर? वीज गेली आणि परत आली तर? झडप अर्धवट उघडून अडकली तर? प्रत्येक उत्तराबरोबर कागदावर एक नवा गोल, एक नवा बाण उमटे. भांड्याभोवती थंड पाणी फिरत असे. ते पाणी असेल तरच माल तापवायचा, नाहीतर माल भडकून वर येणार, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होते. उमाने विचारले, “हे पाणी एकदा सुरू झाल्यावर मध्येच बंद होतं का कधी?”

“छे छे, मॅडम!” हिंदुराव म्हणाले. ते साताऱ्याकडचे, आवाज खणखणीत. “बॅच उतरेपर्यंत कुणाची बिशाद हाय पंपाला हात लावायची? तुमी सुरवातीला एकदा बघा पाणी हाय का, आन् मग डब्याला पुढं जाऊ द्या. सारखं सारखं बघत बसला तर काटा जरा हलला की बॅच थांबवंल. मग वरनं बोलणी मला खावी लागत्यात.”

उमाचे समाधान झाले नाही. ती धर्मराजकडे वळली. “भाऊ, तुम्ही सांगा. खरंच कधी बंद होत नाही?”

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. मी त्याचा चेहरा पाहत होतो.

“नाय बाय. कामाच्या टायमाला कदी नाय.”

तेव्हा नकाशात ठरले ते असे. हिरवे बटण दाबले की डबा पाणी तपासणार, पाणी असेल तर पाण्याचा हिरवा दिवा लावणार, आणि तो दिवा बॅच संपेपर्यंत लागलेला राहणार. मध्येच लाल बटण दाबून काम थांबवले आणि मग पुन्हा हिरवे दाबले, तर डबा जिथे थांबला होता तिथूनच पुढे जाणार. पाणी मध्येच बंद झाले, असा बाण कुठेच नव्हता. तशी वेळ येते, असे कोणी म्हटलेच नव्हते.

मी कितीतरी दिवस त्या नकाशात चाललो. खरे सांगतो, आयुष्यात मी इतका सुखी कधीच नव्हतो. प्रोग्रॅममधल्या चुका मी बिळातून उंदीर काढावे तशा एकेक करून बाहेर काढल्या. लाल आणि हिरवे बटण एकदम दाबले तर डबा गोंधळून दोन्ही झडपा उघडत होता, ती चूक मी पकडली. वीज येता येता पुन्हा गेली तर भांडे भरलेले आहे हेच डबा विसरत होता, तीही पकडली. हाताने तपासणारी मुले तोंडात बोट घालून पाहत राहिली. अखेर एके सकाळी पडद्यावर ‘सर्व वाटा बरोबर’ अशी अक्षरे आली आणि श्रीपादने सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. माझ्यापुढेही एक ठेवली होती, ती मुंग्यांनी खाल्ली.

डबा कारखान्यात बसला. त्याचा एक जुळा भाऊ, म्हणजे तसाच दुसरा डबा, पुढच्या तपासण्यांसाठी माझ्याजवळ राहिला. काही दिवसांनी धर्मराज मुद्दाम आला. पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन आला होता.

“लय बेस चाललाय डबा,” तो म्हणाला. “पन बाय, आमी ध्यान कशावर ठेवायचं?”

“पाण्याचा हिरवा दिवा बघायचा,” उमाने सांगितले. “तो लागलेला असला की निर्धास्त राहायचं.”

त्याने मान डोलावली. जाताना त्याने माझ्या पेटीवर हात ठेवला. तो हात खरखरीत होता आणि त्याला रंगाचा वास येत होता.

त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या कार्यालयातही पूजा झाली. उमाने आपल्या हाताने माझे बटण बंद केले, मला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. पूजलेल्या यंत्राला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, अशी इकडची रीत. दसऱ्याला शुभवेळ पाहून पुन्हा सुरू करायचे. एवढी वर्षे मीही दर खेपेला असाच बंद होत होतो आणि सुरू होत होतो. पण ते काम नव्हते, ती पूजा होती. पूजेची कोणी तपासणी करत नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही. मी माळ घालून बंद पडलो होतो. नंतर माझ्यापुढे बसून माणसे जे बोलली, त्यावरून मला कळले ते सांगतो.

त्या कारखान्यात खंडेनवमीची सुरुवात पंपघरापासून होई. सोमा नावाचा पंपावरचा माणूस सकाळीच पंप बंद करी, धुऊनपुसून त्याला माळ घाली, नारळ वाढवी आणि घरी जाई. मग एकेका यंत्राची पूजा होत होत सगळे लोक मोठ्या भांड्यापाशी येत. आरती झाली की त्या भांड्यावरचा कामगार कुंकवाच्या बोटाने हिरवे बटण दाबी. भांड्यातला माल ढवळणारा पंखा एकदा फिरला की टाळ्या पडत, लगेच लाल बटण दाबले जाई, आणि पेढे वाटले जात. याला ते मुहूर्त म्हणत. वर्षानुवर्षे हे असेच चालत आले होते. पाणी बंद असे हे खरे, पण भांडेही रिकामे असे. कोणाचे काही बिघडत नव्हते.

त्या वर्षी भांडे रिकामे नव्हते. घाईची मागणी होती, आदल्या दिवशी वीज गेल्याने बॅच मागे पडली होती, आणि खंडेनवमीच्या सकाळी, पंपघराची पूजा व्हायच्या आधी, माल अर्धा शिजलेला होता. लाल बटण दाबून काम थांबवले, आरती उरकून घेऊ असे ठरले. घाईत पंपघराकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सोमा दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे पंपाला माळ घालून केव्हाच निघून गेला होता.

मुहूर्ताचा मान धर्मराजचा होता. तो पांढरा शर्ट घालून आला होता. त्याने कुंकवाच्या बोटाने हिरवे बटण दाबले. पंखा फिरला, टाळ्या पडल्या. तो लाल बटणाकडे हात नेणार, इतक्यात हिंदुराव म्हणाले, “थांबवू नको रे. चालूच राहू दे. मुहूर्तावरच बॅच पुढं जाऊ दे, बरकत येईल.”

धर्मराजने हात मागे घेतला. पण तो बेफिकीर माणूस नव्हता, मित्रांनो. त्याने पाण्याच्या दिव्याकडे पाहिले. दिवा हिरवा होता. आदल्या दिवशी पाणी तपासून लागलेला तो दिवा तसाच लागून राहिला होता. तो निर्धास्त झाला. बाकीची मंडळी पेढे घ्यायला ऑफिसच्या ओसरीवर गेली. बॅच चालू आहे म्हणून तो एकटा भांड्यापाशी थांबला.

बाळाजीच्या वेळी हात गेला होता. यावेळी भांडे पूर्ण वर आले. धर्मराजला उल्हासनगरच्या दवाखान्यात नेले. दसऱ्याच्या दिवशी, दारोदारी तोरणे लागली असताना, तो गेला.

मला पुन्हा सुरू केले तेव्हा माळेतले झेंडू सुकून काळे पडले होते. उमा माझ्यापुढे बसली. तिचे डोळे कोरडे होते. कोणी काही सांगायच्या आधीच पंपाची गोष्ट तिने सोमाकडून काढून घेतली होती. तिने माझा नकाशा उघडला आणि त्यात एकच बाण वाढवला: काम थांबलेले आहे, माल आत आहे, पाणी बंद झाले. मग हिरवे बटण. नकाशा म्हणत होता, भांडे थांबलेलेच राहिले पाहिजे.

मी त्या वाटेने निघालो. जुळ्या डब्याला तसे इशारे दिले. डब्याने हिरवा दिवा तसाच लागलेला ठेवला आणि माल तापवायला घेतला.

‘चूक’, मी लिहिले.

मला ती सापडायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागला नाही. इतके दिवस चालून, इतक्या आडवाटा तुडवून, ही एक वाट माझ्या पायाखाली कधी आलीच नव्हती. उमाने पडद्याला कपाळ टेकले आणि ती हुंदके देऊन रडली. मी काही करू शकत नव्हतो. माझ्यात रडायची सोय नाही.

चौकशी झाली. श्रीपाद आणि हिंदुराव दोघांनीही तेच सांगितले: डब्यात दोष नाही, संगणकाने सर्व वाटा तपासलेल्या आहेत. माझे नाव पुढे करून त्यांनी आपली मान सोडवून घेतली, याची चीड मला आजही आहे. उमा चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांपुढे उभी राहून म्हणाली, “दिवा खोटं बोलत होता. तो मी सांगितला तसा लागत होता.” साहेबांनी ऐकून घेतले आणि विचारले, “हा बाण तुम्ही आधी काढला होता की नंतर?” ती म्हणाली, “नंतर.” पूजेत पंप बंद होता, असे म्हणायला कारखान्यातले कोणी पुढे आले नाही. सोमाही नाही. त्यालाही पोट होते, आणि पूजेला बोल लावायचा तरी कसा? चालवणाऱ्याने पाणी पाहिले नाही, असे ठरले. ज्याने पाहिले होते त्याच्याच माथी दोष बसला, आणि तो आजतागायत तसाच आहे.

बेलवलीत लोक अंजनीला सांगू लागले, तुझा नवरा विसरला. अंजनी म्हणजे धर्मराजची बायको. ती एक दिवस एकटीच विचारत विचारत आमच्या कार्यालयात आली. दारातच तिने विचारले, “उमाबाय कोन?”

उमा उठून उभी राहिली.

“उमाबायनं शबूद दिलाय मना, म्हनायचे ते. माजा मानूस चुकला का बाय? खरं सांगा.”

“नाही वहिनी,” उमा म्हणाली. “भाऊ चुकले नाहीत. मी विचारायला चुकले. कामाचं सगळं विचारलं, सणाचं विचारलं नाही.”

मग तिने अंजनीला माझ्यापुढे बसवले. जुळ्या डब्याचे हिरवे बटण दाबून दाखवले, पाणी बंद असतानाही हिरवा दिवा कसा लागून राहतो ते दाखवले. अंजनीला वाचता येत नव्हते, पण दिवा दिसत होता. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग पदर सावरून उठली आणि बेलवलीला निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर उमाला बरे वाटले असते, असे मला वाटते.

श्रीपादकडच्या मुलांनी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता दर वेळी हिरवे बटण दाबले की डबा पाणी नव्याने पाहतो. त्या बाणाला नकाशात नाव द्यायचे होते. उमाने नाव दिले ‘धर्मराज’. नंतर जे जे डबे बनले, त्या सगळ्यांच्या नकाशात तिने तो बाण घातला, आणि दर तपासणीत माझ्या पडद्यावर अक्षरे येत राहिली: धर्मराज, बरोबर. धर्मराज, बरोबर.

वर्षे गेली. दोन हजार साल येणार, जुने संगणक तारीख विसरणार, अशी आवई उठली आणि माझ्या जागी नवा संगणक आला. शशिकांत नावाच्या हुशार तरुणाने माझ्यातले नकाशे त्यात भरले. एके दिवशी उमाने पाहिले तर बाण नाही. तिने विचारले तेव्हा शशिकांत सहज म्हणाला, “मॅडम, ते कुणाचं तरी नाव चुकून टाईप झालं होतं. अशी केस कधी येतच नाही. मी डिलीट केलं.”

उमा चिडली नाही. ती त्याला त्याच दिवशी रिक्षात घालून बेलवलीला घेऊन गेली. तिथे काय झाले ते मला माहीत नाही. परत आल्यावर शशिकांतने चहा घेतला नाही, गुपचूप बसून बाण पुन्हा काढला. पण मनात येते, उमा किती जणांना बेलवलीला नेणार? ती नसेल तेव्हा तो बाण कोण राखणार?

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यापैकी कोणी मोठेपणी यंत्रे बनवाल, यंत्रे तपासाल. तेव्हा जो माणूस यंत्रापाशी उभा राहणार आहे त्याला नुसते त्याचे काम विचारू नका. त्याचा सण विचारा, त्याची पूजा विचारा, सुट्टीच्या दिवशी तो काय करतो ते विचारा. आणि यंत्राने ‘सर्व बरोबर’ म्हटले, तर त्याला काय काय विचारायचे राहिले ते आधी पाहा. आम्ही तुम्ही दाखवाल तेवढ्याच वाटा चालतो.

खंडेनवमीला बाकीच्या संगणकांना माळा पडतात. दुपारी अंजनी बेलवलीहून येते. आता केस पिकले आहेत तिचे. उमा मला सुरू करते, माझा पंखा घरघरू लागतो, आणि मी त्या एकाच वाटेने चालून जुळ्या डब्याला सांगतो: माल आत आहे, पाणी बंद आहे. मग उमा बाजूला होते. हिरवे बटण अंजनी दाबते. दिवा लागत नाही. डबा माल तापवायला घेत नाही.

“थांबला?” अंजनी विचारते.

“थांबला, वहिनी.”

“आता थांबतो मेला,” ती म्हणते, आणि पदराने माझा पडदा पुसते.